वृक्षवैद्य : त्याचा दिवस आणि त्याची हत्यारे

(इयत्ता पाचवी ते सातवी, कार्यानुभव व सामान्य विज्ञान या विषयांसाठी पाठटिपण)



१. या पाठाची गरज

मे महिना सरत आला की आपल्या शाळांतून पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले परतली जातात, पन्हळीतील पालापाचोळा काढला जातो आणि छपरावर झुकलेल्या झाडांच्या फांद्या तोडल्या जातात. पहिल्या दोन कामांसाठी आपण माहीतगार माणूस बोलावतो. तिसऱ्या कामासाठी मात्र बहुधा कोणासही बोलावीत नाही. एखादा धीट, अंगाने हलका विद्यार्थी पुढे होतो, कोणाच्या तरी घरून कोयता येतो आणि गुरुजी खाली उभे राहून "सांभाळून रे" असे सांगत असतात. हे चित्र मी दुसऱ्या कोणाचे म्हणून सांगत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी तो खाली उभा असलेला शिक्षक मीच होतो.

शाळा उघडून दोनच दिवस झाले होते. अंगणातील गुलमोहराची एक जाड फांदी वर्गाच्या छपरावर घासत होती. सातवीतील एक मुलगा "मी चढतो, गुरुजी" म्हणाला आणि मी होकार दिला. त्याने फांदीच्या बुडाशी वरून घाव घालण्यास आरंभ केला. फांदी निम्मी तुटते न तुटते तोच स्वतःच्या भाराने खाली वाकली, खोडावरील साल हातभर सोलीत फाटत गेली, आणि तिचे बूड उसळून मुलाच्या छातीवर आदळले. तो सुमारे दहा फुटांवरून खाली पडला. उजव्या हाताचे कोपर मोडले. तालुक्याच्या गावी नेऊन उपचार केले. मुलगा बरा झाला, त्याचे शिक्षणही पुढे चालू राहिले. पण तो हात पुन्हा पुरता सरळ झाला नाही. आज तो गृहस्थ शेती करतो. बाजारच्या दिवशी भेटला की "गुरुजी" म्हणून आदराने नमस्कार करतो. त्याने किंवा त्याच्या वडिलांनी मला कधीही बोल लावला नाही. परंतु तो वाकलेला हात दिसला की मला त्या सकाळची आठवण होते.

गुलमोहराचीही गत सांगितली पाहिजे. साल सोललेल्या जागी दोन-तीन वर्षांत लाकूड मऊ पडले. पुढे पावसाळ्यात तेथे बुरशीची छत्रे उगवू लागली, आणि नवव्या वर्षी एका वादळी रात्री झाड त्याच जागी मोडून पडले. रात्र होती म्हणून अंगणात मुले नव्हती.

एकाच चुकीच्या घावाने मूल जखमी झाले आणि झाडही गेले. हा योगायोग नव्हे. ज्या काळजीने झाडावरचा माणूस सुखरूप राहतो, त्याच काळजीने झाडही वाचते. आणि ती काळजी झाडावर चढण्यापूर्वी, जमिनीवरच घ्यावयाची असते. हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा उद्देश आहे. त्यासाठी झाडांची छाटणी व निगा हाच ज्याचा व्यवसाय आहे, अशा कारागिराची ओळख करून देणे हा सर्वांत चांगला मार्ग होय.

२. वृक्षवैद्य कोणास म्हणावे?

झाडालाही रोग होतात व त्यावर उपचार करता येतात, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोगट झाडाचा दूषित भाग प्रथम शस्त्राने साफ करावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी घालावे, असा उपचार त्यात सांगितला आहे. त्यातील लेप आज कोणी वापरणार नाही. परंतु उपचाराचा आरंभ स्वच्छ शस्त्राने करावा, ही सूचना आजही तितकीच खरी आहे.

पाश्चात्त्य देशांत हा व्यवसाय स्वतंत्रपणे उभा राहिला. मूळचा इंग्लंडमधील आणि पुढे अमेरिकेत ओहायओ राज्यात स्थायिक झालेला जॉन डेव्ही याने १९०१ मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी झाडाची ढोली खरवडून तीत सिमेंट भरीत आणि जखमेवर डांबर किंवा रंग फाशीत. दात भरावा तशी ढोली भरली की झाड बरे होते, अशी समजूत होती.

ही समजूत अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांच्या संशोधनाने मागे पडली. त्यांनी हजारो झाडांची खोडे उभी चिरून आतील जखमांचा माग घेतला. त्यांना आढळले ते असे : आपल्या कातडीची जखम नव्या पेशींनी भरून येते, तशी झाडाची जखम भरून येत नाही. कुजलेले लाकूड पुन्हा निरोगी होत नाही. झाड त्या भागाभोवती जणू भिंती उभारून कूज आतल्या आत कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवीत जाते. म्हणून चुकीच्या घावाची खूण झाडाच्या पोटात जन्मभर राहते. ढोली खरवडल्याने किंवा सिमेंट भरल्याने झाडाने उभारलेल्या या भिंतीच मोडतात; आणि डांबर फासल्याने कूज थांबत नाही. (फळबागांतून छाटणीनंतर बोर्डो मलम लावण्याची शिफारस केली जाते. ते बुरशीनाशक आहे. आपल्या भागातील फळझाडांना ते लावावे की नाही, हे कृषि खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून ठरवावे.)

आपल्या खेड्यांत 'वृक्षवैद्य' अशी पाटी लावलेला मनुष्य आढळणार नाही. पण त्याची कामे करणारी माणसे आहेत. कोकणात नारळ उतरविणारा पाडेली आहे, आंब्यावरील बांडगूळ काढणारा गडी आहे, खोडातील भिरूड तारेने ओढून काढणारा बागाईतदार आहे. शहरांत छाटणीचे काम ठेक्याने घेणारे कारागीर आहेत. विद्यार्थ्यांना प्रथम याच माणसांची आठवण करून द्यावी.

३. त्याचा दिवस

गेल्या मे महिन्यात अशाच एका कारागिराबरोबर मी सकाळपासून दुपारपर्यंत होतो. वय पन्नाशीच्या घरातील. तरुणपणी तो आंब्याच्या बागांतून बांडगुळे काढीत असे. कमरेला लाकडी आकडी, आकडीत कोयता, एवढेच त्याचे साहित्य होते. पुढे शहरात येऊन त्याने दोराच्या साहाय्याने झाडावर काम करण्याचे शिक्षण घेतले. त्याचा भाचा खाली राहून त्याला साहाय्य करतो. काम होते एका जुन्या चिंचेच्या वाळलेल्या फांद्या उतरविण्याचे.

मला वाटले होते, आल्याबरोबर तो झाडावर चढेल. पण पहिला पाऊण तास त्याने झाडाला पाय लावला नाही. प्रथम तो झाडाभोवती दोनदा फिरला. बुंध्याशी माती भेगाळली आहे काय, मुळे एका बाजूने उचलली आहेत काय, बुडाशी बुरशीची छत्रे आहेत काय, हे त्याने पाहिले. लाकडी हातोडीने खोडावर ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला. एके ठिकाणी आवाज पोकळ आला, तेथे खडूने खूण केली. मग मान वर करून फांदी न् फांदी पाहिली. वाळलेली कोणती, चिरलेली कोणती, आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचे पोळे आहे काय, ढोलीत पोपटाचे घरटे आहे काय, विजेची तार किती दूर आहे, याची त्याने मोठ्याने नोंद केली आणि भाच्याने ती वहीत लिहिली. एका ढोलीतून पोपट उडाला. "ती फांदी पिल्ले उडून गेल्यावर," असे म्हणून त्याने तिच्यावर फुली मारली.

तार जवळून गेली असती तर, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, वीज कंपनीच्या माणसांनी प्रवाह बंद केल्याखेरीज तो झाडाला हात लावीत नाही. ओली फांदी व ओला दोर यांतून वीज वाहते. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही.

त्यानंतर ताडपत्री अंथरून साहित्य मांडले गेले. याचे वर्णन पुढे केले आहे. झाडाखालची जागा दोरी बांधून बंद केली. मगच तो वर गेला. वर असताना त्याचा एक दोर नेहमी बांधलेला असे; एका जागेवरून दुसरीकडे जाताना दुसरा दोर अडकविल्याशिवाय पहिला सोडीत नसे. प्रत्येक फांदी कापण्यापूर्वी वरून आवाज येई, "खाली मोकळे?" खालून उत्तर येई, "मोकळे आहे, मामा!" उत्तर आल्यावाचून करवत चालत नसे. सकाळभरात हा प्रश्न पन्नास वेळा तरी विचारला गेला असेल. एकदाही तो गाळला गेला नाही. एकदा भाचा पाणी आणावयास गेला होता, तेव्हा वरचा मनुष्य हात बांधून तसाच बसून राहिला.

उन्हाचा कडाका वाढण्यापूर्वी, साडेअकराच्या सुमारास त्याने वरचे काम थांबविले. "थकलेला हात गाठ नीट मारीत नाही, गुरुजी," असे तो म्हणाला. उरलेला वेळ फांद्यांचे तुकडे करण्यात, जागा झाडून देण्यात आणि हत्यारे पुसण्यात गेला.

४. हत्यारे व त्यांची निगा

कारागिराची खरी काळजी पाहावयाची असेल तर ती त्याच्या हत्यारांत पाहावी. ताडपत्रीवर मांडलेल्या प्रत्येक वस्तूविषयी मी त्याला विचारले. त्याने सांगितले ते येथे क्रमाने देतो.

दोर. झाडावर माणसाचा भार पेलणारा दोर सुमारे १२ मिलिमीटर जाडीचा, याच कामासाठी विणलेला असतो. सुंभाचा किंवा विहिरीवरचा दोर या कामी चालत नाही. रोज सकाळी तो दोर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत बोटांमधून ओढीत नेतो. कोठे मऊ पडला, कोठे ताठर झाला, कोठे तंतू तुटले, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. दोर उन्हात ठेवला तर कमजोर होतो; पेट्रोल, तेल किंवा बॅटरीचे आम्ल लागले तर आतून जळतो व बाहेरून दिसत नाही. म्हणून दोराची पिशवी वेगळी आणि पेट्रोलचा डबा वेगळा. दोर मळला की स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवितात.

चांगल्या दोराला कित्येक दिवसांची मजुरी मोजावी लागते. त्यामुळे "आणखी एक हंगाम काढू" असा मोह होतो, हे त्याने मोकळेपणाने कबूल केले. त्या मोहावर त्याने योजलेला उपाय मात्र आपण घेण्याजोगा आहे. दोर विकत घेतल्याची तारीख तो दोराच्या टोकाला चिकटपट्टीवर लिहितो आणि वहीतही नोंदवितो. दोराला करवत लागली, किंवा वरून माणसाचा झटका बसला, की त्या दिवसापासून तो दोर माणसासाठी बाद. आपल्या शाळेची जडसंग्रह नोंदवही इतक्या तत्परतेने भरली जात असेल तर फारच उत्तम!

बाद दोराचे तो काय करतो, हे मला विशेष वाटले. तो दोर टाकून देत नाही. त्याचे हात-हातभर तुकडे करतो. कारण विचारता म्हणाला, "टाकलेला दोर कोणीतरी उचलतो आणि मुलांना झोका बांधून देतो." आपल्या शाळेतील झोक्याचा दोर कोठून आला व केव्हा आला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

कमरपट्टा व कड्या. नुसत्या कमरेला बांधलेल्या दोराने माणूस लोंबकळला तर पाठीला व पोटाला इजा होते. म्हणून मांड्या व कंबर यांना आधार देणारा पट्टा वापरतात. त्याला कारागीर 'हार्नेस' म्हणतात. त्याच्या शिवणीचे टाके रोज पाहावे लागतात. दोर अडकविण्याच्या कड्या आपोआप मिटणाऱ्या व कुलूप बसणाऱ्या असतात. त्यांत वाळू गेली की त्या नीट मिटत नाहीत, म्हणून ब्रशाने साफ करतात. पट्ट्यात बेशुद्ध होऊन लोंबकळत राहिलेला मनुष्य थोड्याच मिनिटांत धोक्यात येतो. त्याला त्वरित खाली घेणे आवश्यक असते. यासाठीच खाली असणाऱ्यासही वर चढता आले पाहिजे. एकट्याने हे काम कधीही करावयाचे नसते.

गाठ. मुख्य दोरावर बारीक दोराचे वेढे देऊन मारलेली एक गाठ तो वापरीत होता. भार नसताना ती वर-खाली सरकते आणि भार पडताच आवळून बसते. ऑस्ट्रियातील गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने ही गाठ १९३१ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. घर्षणाचे इतके चांगले उदाहरण विज्ञानाच्या पाठास क्वचितच मिळेल.

शिरस्त्राण. वर असलेल्याने आणि खाली असलेल्यानेही शिरस्त्राण घातले पाहिजे. त्यावर भारतीय मानक २९२५ ची खूण पाहून घ्यावी. एकदा जोराचा आघात झालेले शिरस्त्राण दिसावयास धड असले तरी बदलावे लागते.

करवत व कोयता. हातकरवत वाकड्या पात्याची असून ती ओढताना कापते. त्यामुळे वर बसून जोर करावा लागत नाही. तिला झाडाचा चीक लागला की दात अडखळतात. रॉकेलचा बोळा फिरवून तो काढतात. कोयता बारीक डहाळ्यांपुरताच. बोथट हत्यार निरुपद्रवी असते, अशी समजूत असलेले पुष्कळ लोक आहेत. वस्तुतः बोथट हत्यारावर जोर अधिक द्यावा लागतो, आणि जोर दिलेला हात निसटला की तो आवरत नाही. शिवाय बोथट धारेने साल चेचली जाते व झाडाची जखम लवकर बंद होत नाही. म्हणून रोज काम संपल्यावर हत्यार पाजळूनच तो घरी जातो. रोगट झाडाला वापरलेले पाते निरोगी झाडाला लावण्यापूर्वी स्वच्छ करणे हाही त्याचा नियम आहे.

यांत्रिक साखळी-करवत. कारागीर हिला नुसते 'मशीन' म्हणतात. काम झपाट्याने होते. परंतु धोकाही तितकाच. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. म्हणून ती दोन्ही हातांनी धरावी, खांद्याच्या वर उचलू नये आणि शिडीवर उभे राहून कधीही चालवू नये. तिचा आवाज कानांना अपाय करतो. कान झाकावे लागतात. साखळीची धार गेली की नाही, हे भुशावरून कळते : धार असेल तर जाड कपचे पडतात, गेली असेल तर पिठासारखी बारीक भुकटी पडते. हे लक्षण त्याने मला हातावर घेऊन दाखविले.

५. फांदी कापण्याची रीत

माझ्या गुलमोहराचे काय चुकले, हे मला त्या दिवशी नीट उमगले. जाड फांदी एका घावात कापावयाची नसते. तिला तीन काप द्यावे लागतात.

पहिला काप खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर, फांदीच्या खालच्या अंगाने, जाडीच्या चौथाई ते एकतृतीयांश एवढा. दुसरा काप त्याच्या थोडे पुढे, टोकाच्या बाजूस, वरून. फांदी पडताना साल सोलीत येऊ लागली तरी ती खालच्या कापापाशी थांबते व खोडापर्यंत पोहोचत नाही. आता उरलेले थोटूक हलके असते. तिसरा काप त्या थोटकाला.

हा तिसरा काप नेमका कोठे द्यावा, यात सारे कौशल्य आहे. फांदी जेथे खोडातून निघते तेथे सालीची एक फुगीर कड असते. आपण तिला फांदीचा गळा म्हणू. झाड आपली जखम बंद करण्याचे काम या गळ्यापासून करते. काप गळ्याच्या अगदी बाहेर, पण त्याला धक्का न लावता द्यावा. खोडाला लागून सपाट कापले तर गळाच जातो. लांब थोटूक ठेवले तर ते कुजून कूज आत नेते. योग्य कापाभोवती एक-दोन वर्षांत सालीचे गोल कडे वाढताना दिसते.

एका वेळी झाडाच्या हिरव्या फांद्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक काढू नयेत. झाडाचे अन्न पानांतच तयार होते. शेंडा छाटून झाड बोडके करण्याची जी पद्धत आहे, ती सर्वांत वाईट. त्या थोटकांवर दाट कोंब फुटतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि पुढे तेच वाऱ्याने मोडून पडतात.

६. पाठ कसा घ्यावा?

पाठाचे तीन तास करावे.

*पहिला तास : निरीक्षण.* विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारातील झाडाभोवती न्यावे. कोणीही झाडावर चढणार नाही, हे आधी बजावावे. प्रत्येक गटाने एक झाड घ्यावे व पुढील तक्ता भरावा : झाडाचे नाव, बुंध्याचा घेर, वाळलेल्या फांद्या, ढोली, बुरशी, घरटी, विजेची तार, पूर्वीच्या छाटणीच्या खुणा. जुन्या कापाभोवती सालीचे कडे पुरते जुळले आहे की मध्ये कुजलेले लाकूड दिसते, हे मुलांनी स्वतः शोधावे. चांगला काप व वाईट काप यांतील फरक त्यांना मग सांगावा लागत नाही.

*दुसरा तास : गणित व विज्ञान.* २० सेंटिमीटर व्यासाच्या व १ मीटर लांबीच्या ओंडक्याचे घनफळ काढावयास सांगावे. ३.१४ × १० × १० × १०० म्हणजे ३१,४०० घन सेंटिमीटर, अर्थात ३१.४ लिटर. ओले लाकूड जवळजवळ पाण्याइतके जड धरले तर वजन सुमारे ३१ किलो, म्हणजे पाचवीतील एका मुलाएवढे. आता व्यास ४० सेंटिमीटर धरून पुन्हा करावे; उत्तर १२५ किलोच्या वर जाते. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होते. 'थोडीशीच जाड आहे' असे खालून म्हणणाऱ्याची फसगत कशी होते, हे मुले या उदाहरणावरून कधी विसरणार नाहीत.

दुसरे उदाहरण : ५ मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर यावयास सुमारे एक सेकंद लागतो आणि त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. वर्गात एका मुलास "बाजूला हो!" असे म्हणावयास सांगून वेळ मोजावा. तो शब्द उच्चारण्यातच तो सेकंद संपतो. मग कारागीर आधी "खाली मोकळे?" असे का विचारतो, हे त्यांना विचारावे.

*तिसरा तास : मुलाखत.* गावातील पाडेली, बागेतील गडी किंवा छाटणी करणारा कारागीर यांस शाळेत सन्मानाने बोलवावे. मुलांनी त्यांना काका म्हणून, आधी लिहून आणलेले प्रश्न विचारावे. पुढील प्रश्न उपयोगी पडतील :

१. काका, झाडावर चढण्यापूर्वी तुम्ही काय काय पाहता?
२. तुमचे सर्वांत जुने हत्यार कोणते? ते इतके दिवस कसे टिकले?
३. कोणते काम तुम्ही नाकारता, आणि का?
४. तुम्हाला कधी अपघात झाला काय? त्यानंतर तुम्ही काय बदलले?

तिसरा प्रश्न वगळू नये. नाही म्हणण्यासही कारागिरी लागते, हे मुलांना त्याच्याच तोंडून कळावे.

या भेटीत एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून सांगावी. उंचीवर काम करणाऱ्या या माणसांपैकी अनेकांचा विमा नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २०२२ पासून वर्षाला २० रुपये हप्ता असून, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये मिळतात. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कोणासही तीत सहभागी होता येते. अर्ज भरून देण्यास शिक्षकाने साहाय्य केले, तर पाठाचा लाभ एका घरापर्यंत पोहोचेल.

७. शाळेतील झाडे व आपले कर्तव्य

शेवटी आपल्या स्वतःच्या शाळेविषयी.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच झाडांची पाहणी करावी. शाळा उघडण्याच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. धोकादायक फांदी आढळल्यास शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत नोंद करून ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. तार जवळ असल्यास वीज कंपनीस कळवावे. वृक्षतोडीचे नियमन करणारा राज्याचा १९६४ चा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांसारखी झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. मोठी छाटणी करावयाची असली तरी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारून घ्यावे. काम सुटीच्या दिवशी, माहीतगार माणसाकडून करवून घ्यावे आणि झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात कोणासही येऊ देऊ नये. त्यासाठी लागणारा खर्च मागण्यास संकोच करू नये. कौलांसाठी आपण खर्च मागतोच. झाड हे त्या कौलांहून जड आहे.

आणि कोणत्याही विद्यार्थ्यास, तो कितीही धीट असो व कितीही आग्रह धरो, कोयता देऊन झाडावर चढवू नये. खेडेगावातील मुले झाडावर चढणारच. तो त्यांचा आनंद आहे व तो हिरावून घेण्याचे कारण नाही. पण खेळ म्हणून चढणे वेगळे आणि गुरुजींच्या सांगण्यावरून हत्यार घेऊन चढणे वेगळे. दुसऱ्या प्रसंगी मूल स्वतःच्या अंदाजावर चढत नाही. ते आपल्या शब्दावर विश्वासून चढते. "मी चढतो, गुरुजी" असे म्हणणाऱ्या मुलास "नाही बाळ, खाली ये" एवढे म्हणावयास मला त्या दिवशी एक क्षण पुरला असता.

त्या शाळेच्या अंगणात गुलमोहराच्या जागी आता कडुनिंब आहे. मागील महिन्यात शाळाभेटीस गेलो असता मुलांनी मला त्याच्या फांदीवरील एक काप दाखविला. सालीचे कडे चहूबाजूंनी जुळत आले होते. "गळा राखून कापलाय, गुरुजी," एक मुलगी म्हणाली. कोणी कापला, असे विचारले, तेव्हा तिने गावातील कारागिराचे नाव सांगितले, आणि खाली कोण उभे होते, असे विचारले, तेव्हा म्हणाली, "त्यांचा भाऊ. आम्ही दोरीच्या बाहेर होतो."